शब्दयाद्यांपासून तोंडी परीक्षेपर्यंत: खऱ्या-खोट्या आठवणींवरचा माझा प्रबंध

मानसशास्त्राच्या एम.ए.ला प्रायोगिक प्रबंध घ्यायचा आणि तोही मराठी शब्दांवर, असे ठरवणाऱ्याला पुढची वाट कशी असते हे सांगणारे फारसे कोणी भेटत नाही. प्रश्नावली वाटून केलेल्या प्रबंधांचे नमुने विभागाच्या कपाटात रचून ठेवलेले असतात. प्रयोगाचे मात्र हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. मी साताऱ्यातल्या एका माध्यमिक शाळेत मराठी शिकवते. नोकरी सांभाळून एम.ए. करत असताना जून २०२३ ते जून २०२४ या काळात मी असा एक प्रबंध पूर्ण केला. या वाटेवर कुठे किती वेळ जातो, कुठे पैसे लागतात आणि कुठे जीव टांगणीला लागतो, हे नंतर येणाऱ्यांना आधी कळावे म्हणून हे लिहीत आहे.

प्रबंधाचा प्रश्न असा होता: शब्द ज्या पद्धतीने अभ्यासले जातात, त्या पद्धतीचा खऱ्या आणि खोट्या आठवणींवर काय परिणाम होतो? खोटी आठवण म्हणजे खोटे बोलणे नव्हे. जे घडलेच नाही ते घडल्याचे माणसाला प्रामाणिकपणे आठवणे, एवढाच तिचा अर्थ. वर्गात हे मी वर्षानुवर्षे पाहत होते. पाठात आलेले शब्द आठवून लिहायला सांगितले की हुशार मुलांच्या वहीतही पाठात नसलेले, पण पाठाच्या विषयाला अगदी शोभणारे शब्द येतात. आम्ही शिक्षक त्याला ‘मनाचे घातले’ म्हणतो आणि लाल रेघ ओढून पुढे जातो.

या ‘मनाच्या’ शब्दांचा अभ्यास बराच जुना आहे, हे मला एम.ए.च्या पहिल्या वर्षी कळले. जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातील जेम्स डीस यांनी १९५९ साली लोकांना बारा-बारा शब्दांच्या ३६ याद्या ऐकवल्या. प्रत्येक यादीतले सगळे शब्द एका न ऐकवलेल्या शब्दाशी जोडलेले होते. मराठीत सांगायचे तर पलंग, उशी, पांघरूण, स्वप्न, जांभई, डुलकी, घोरणे, अंगाई असे शब्द ऐकवायचे आणि ‘झोप’ मात्र उच्चारायचाच नाही. डीस यांच्या झोपेच्या यादीनंतर ४४ टक्के लोकांनी ‘झोप’ हा शब्द ऐकल्याचे म्हणून लिहिला. फुलपाखराच्या यादीनंतर ‘फुलपाखरू’ एकानेही लिहिला नाही. पुढे १९९५ मध्ये राइस विद्यापीठातील हेन्री रोडिगर आणि कॅथलीन मॅकडरमॉट यांनी ही पद्धत पुन्हा वापरली आणि ओळखण्याची चाचणीही जोडली. त्यांच्या पहिल्या प्रयोगात प्रत्यक्ष ऐकवलेले शब्द लोकांनी ८६ टक्के वेळा ‘ऐकला’ म्हणून ओळखले आणि न ऐकवलेले कळीचे शब्द, म्हणजे याद्या ज्यांच्याभोवती रचल्या होत्या ते, ८४ टक्के वेळा. हा आकडा वाचला त्या दिवशीच विषय पक्का झाला.

विभागात विषयाची नोंद ३० जूनपर्यंत करायची होती. मी जो आराखडा घेऊन गेले, त्यात अभ्यासाच्या पाच पद्धती होत्या: नुसते ऐकणे, मोठ्याने म्हणणे, लिहून काढणे, चित्रासह पाहणे आणि अर्थावर विचार करणे. मार्गदर्शक मॅडम वयाने माझ्याहून लहान आहेत, पण हातातल्या पेन्सिलीबाबत फार उदार. त्यांनी तीन पद्धतींवर काट मारली आणि म्हणाल्या, “अहो, हा पीएच.डी.चा ऐवज आहे. एम.ए.ला एकच तुलना घ्या, पण ती अशी घ्या की उत्तर काहीही आले तरी तुम्हाला त्याबद्दल बोलता येईल.” हा सल्ला मी इथे मुद्दाम नोंदवते, कारण पुढे वेळेच्या टंचाईत तोच कामी आला. सेवेतील शिक्षकांनी आणखी एक गोष्ट याच महिन्यात करून घ्यावी: संस्थेचे ना हरकत प्रमाणपत्र. ते मिळायला माझ्या बाबतीत पाच आठवडे लागले आणि त्याशिवाय विद्यापीठाचा नोंदणी अर्ज पुढे सरकत नाही.

जुलैचा पहिला पंधरवडा वाचनात गेला. लेखांसाठी एक रुपयाही खर्च झाला नाही. विद्यापीठाच्या ग्रंथालयाचे घरून वापरायचे खाते सुरू करून घेतले आणि जे तिथे नव्हते ते संशोधकांच्या स्वतःच्या संकेतस्थळांवर बहुतेक सापडले. वाचनात एक जागा अशी आली की तिथे मी बरेच दिवस अडकले, आणि प्रबंधाचा सगळा पाया अखेर त्याच जागेवर उभा राहिला.

फर्गस क्रेक आणि रॉबर्ट लॉकहार्ट यांनी १९७२ मध्ये मांडले होते की शब्दाच्या अर्थावर विचार केला तर तो अधिक टिकतो. नुसत्या अक्षरांच्या रूपाकडे पाहिले तर लवकर विसरतो. यात वादाचे फारसे काही नाही. प्रश्न असा की अर्थावर विचार केल्याने न दाखवलेला कळीचा शब्द कमी आठवतो की जास्त? मायकेल टोग्लिया आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९९ मध्ये लोकांना प्रत्येक शब्द किती सुखद वाटतो ते ठरवायला सांगितले, तेव्हा खऱ्या आठवणी वाढल्या आणि खोट्याही वाढल्या. अंजली थापर आणि मॅकडरमॉट यांना २००१ मध्ये तेच दिसले. उलट रेबेका स्मिथ आणि रीड हंट यांनी १९९८ मध्ये हेच सुखद-असुखद ठरवण्याचे काम दिले, तेव्हा खोट्या आठवणी कमी झाल्या होत्या.

हे दोन्ही निष्कर्ष शेजारी ठेवले की पहिल्यांदा माणूस गोंधळतो. पण तुलना कशाशी केली ते पाहिले की गुंता सुटू लागतो. थापर आणि मॅकडरमॉट यांच्यासारख्या प्रयोगांत दुसऱ्या गटाला शब्दातले स्वर मोजण्यासारखे वरवरचे काम होते, आणि त्या गटाला यादीचा विषयच धडपणे उमगत नाही. मग विषयाला शोभणारा शब्द सुचणार कसा? स्मिथ आणि हंट यांच्या दुसऱ्या गटाला मात्र नुसते ‘लक्षात ठेवा’ असे सांगितले होते. लक्षात ठेवू पाहणारा माणूस शब्दांची आपोआप मोट बांधतो. त्याच्या तुलनेत एकेका शब्दाला स्वतंत्रपणे गुण देणारा माणूस प्रत्येक शब्दाचे वेगळेपण अधिक टिपतो. म्हणजे ‘खोल अभ्यास’ ही एकच गोष्ट नाही. त्यात शब्दाशब्दांतले नाते पाहणे येते आणि एका शब्दाचे वेगळेपण पाहणेही येते. पहिल्याने कळीचा शब्द जवळ येतो, दुसऱ्याने तो दूर ठेवता येतो. कोणत्याही प्रयोगाचा निष्कर्ष वाचताना तुलनेचा गट आधी पाहायचा, ही सवय मला या दोन-तीन लेखांनी लावली. मी माझ्यासाठी सुखद-असुखद ठरवणारा गट आणि वरवरचे काम करणारा गट अशी तुलना निवडली.

यानंतरचे काम सर्वांत लांब चालले आणि प्रबंधात त्याला सर्वांत कमी पाने मिळाली: याद्या तयार करणे. इंग्रजी याद्या भाषांतरित करून चालत नाहीत. इंग्रजीत खुर्चीच्या यादीत टेबल, बाक, सोफा, लाकूड असे शब्द येतात. आपल्याकडे ‘खुर्ची’ म्हटल्यावर मनात येणारा पहिला शब्द लिहा, असे सांगितले की मोठ्या माणसांच्या कागदांवर ‘सत्ता’, ‘मंत्री’ आणि ‘नेता’ येतात. तेव्हा शब्दसाहचर्याची माहिती मराठीतूनच गोळा करणे भाग होते. ग्रेस केंट आणि आरोन रोझानॉफ यांनी १९१० मध्ये शंभर शब्द एक हजार लोकांना देऊन ही माहिती जमवली होती; मी त्याच रीतीने, पण माझ्या आवाक्यातल्या संख्येने हे केले. झेरॉक्स केलेल्या छोट्या पुस्तिका शाळेतले सहकारी, महिला मंडळ, नातेवाईक आणि वाचनालयात नेमाने येणारे लोक यांच्याकडून भरून घेतल्या. ज्या महाविद्यालयात पुढे प्रयोग करायचा होता, तिथल्या कोणालाही या टप्प्यात घेतले नाही. झेरॉक्सला साधारण ₹१,२०० लागले.

इथे एक बारकावा आहे आणि तो कळला नाही तर पुढचे सगळे श्रम वाया जातात. ‘पाऊस’ म्हटल्यावर लोकांना कोणते शब्द सुचतात, याला फारसे महत्त्व नसते. त्या शब्दांवरून लोक परत ‘पाऊस’कडे येतात का, हे महत्त्वाचे असते. डीस यांच्या फुलपाखराच्या यादीत नेमकी हीच अडचण होती: फुलपाखरावरून ते शब्द सुचतात, पण त्या शब्दांवरून फुलपाखरू फारसे कोणाला सुचत नाही. या उलट्या दिशेच्या नात्याची सरासरी आणि खोटी आठवण यांच्यात डीस यांना ०.८७ इतका सहसंबंध मिळाला होता.

आमच्याकडे पुस्तिका जुलै-ऑगस्टमध्ये भरल्या गेल्या. ‘पाऊस’ या शब्दापुढे छत्री, ढग, चिखल आणि वीज यांच्याबरोबरीने ‘भजी’ आणि ‘खड्डे’ भरभरून आले. म्हणून दुसऱ्या फेरीत नव्या लोकांना हेच शब्द एकेक करून दिले. ‘छत्री’वरून बहुतेक जण पावसाकडे परतले, ‘ढग’ आणि ‘चिखल’ यांवरूनही बरेच आले. ‘भजी’वरून मात्र लोक कांद्याकडे आणि चहाकडे गेले, आणि ‘खड्डे’वरून थेट रस्त्याकडे. हे दोन्ही शब्द मनाविरुद्ध यादीतून काढले. ‘वीज’ या शब्दाने तर दोन वाटा धरल्या: काहींनी ‘कडकडाट’ लिहिले, तर काहींनी ‘बिल’. प्रत्येक यादीतला प्रत्येक शब्द असा उलटा तपासायचा असल्यामुळे हे काम गणेशोत्सव उलटून गेला तरी चालू होते. घाई करू नये. पुढच्या सगळ्या टप्प्यांत काही ना काही सुधारता येते, पण याद्या कच्च्या असतील तर खोटी आठवण तयारच होत नाही आणि मग मोजायला काही उरत नाही.

वरवरच्या कामासाठी इंग्रजी प्रयोगांत स्वर मोजायला सांगतात. देवनागरीत ते अवघड जाते, म्हणून ‘शब्दात वेलांटी आहे का?’ असा प्रश्न ठेवला. त्यामुळे प्रत्येक यादीत निम्म्या शब्दांना वेलांटी आणि निम्म्यांना नाही, हेही सांभाळावे लागले. छत्री, चिखल, वीज एका बाजूला. ढग, गारा, सर दुसऱ्या बाजूला. शेवटी प्रत्येकी बारा शब्दांच्या आठ याद्या टिकल्या.

नैतिकता समितीकडे अर्ज ४ सप्टेंबरला दिला होता, याद्यांचे काम चालू असतानाच. समितीची बैठक रोज होत नसते, म्हणून बैठकीची तारीख आधी विचारून घ्यावी आणि अर्ज तिच्या किमान तीन आठवडे अगोदर द्यावा. माझा अर्ज ऑक्टोबरच्या बैठकीत आला. विद्यार्थ्यांकडून शुल्क घेत नव्हते, पण अर्जाच्या सहा प्रती, मराठी व इंग्रजी संमतीपत्र, मार्गदर्शकांचे पत्र आणि महाविद्यालयाच्या प्राचार्यांची परवानगी हे सारे जोडायचे होते. प्राचार्य सरांनी पत्र लगेच दिले. त्यावर जावक क्रमांक पडायला मात्र दहा दिवस गेले, कारण लिपिक रजेवर होते.

समितीने विचारलेले प्रश्न मला त्या वेळी जाचक वाटले, आज ते रास्त वाटतात. सहभागी व्यक्तींना ‘हा स्मरणशक्तीचा अभ्यास आहे’ एवढेच सांगणार होते. न दाखवलेल्या शब्दाची गोष्ट आधी सांगितली असती तर प्रयोगच उरला नसता. अशी माहिती राखून ठेवायची असेल तर का, किती वेळ आणि नंतर ती कशी उघड करणार, हे लेखी द्यावे लागते. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांमध्ये अशा संशोधनाचा विचार केलेला आहे. अर्ज लिहिण्यापूर्वी तो भाग वाचून ठेवला तर उत्तरे त्याच भाषेत देता येतात. समितीने आणखी तीन गोष्टी सांगितल्या. मी जिथे शिकवते तिथली मुले घ्यायची नाहीत, कारण त्यांना ‘नाही’ म्हणता येणार नाही. सहभागी १८ वर्षे पूर्ण झालेलेच असावेत. आणि आठ यादींपैकी ‘मरण’ ही यादी काढावी, कारण समोर बसलेल्याच्या घरात नुकतेच काय घडले आहे ते आपल्याला ठाऊक नसते. ती यादी काढून जागेवर ‘लग्न’ ही राखीव यादी घेतली. म्हणून दोन-तीन याद्या हाताशी जास्तीच्या असू द्याव्यात. सुधारित अर्ज दिवाळीपूर्वी दिला आणि मान्यतेचे पत्र २४ नोव्हेंबरला मिळाले. त्या पत्राच्या आधी प्रयोगासाठी एकाही सहभागी व्यक्तीची माहिती घेता येत नाही, हे वेळापत्रक आखताना विसरू नये.

पडद्यावर शब्द दाखवण्यासाठी मोफत सॉफ्टवेअर वापरले. त्यात जोडाक्षरे तुटून दिसत होती. ‘स्वप्न’ वाचता येईना. प्रत्येक शब्दाची प्रतिमा तयार करून ती दाखवली आणि प्रश्न मिटला. मूळ प्रयोगांत शब्द ऐकवलेले असतात, मग पडद्यावर का, हा प्रश्न मॅडमनी तेव्हाच विचारून ठेवला. वेलांटी पाहायची तर शब्द डोळ्यांसमोर हवा, हे माझे कारण होते. मात्र पाहिलेल्या शब्दांपेक्षा ऐकलेल्या शब्दांच्या याद्यांमुळे खोट्या आठवणी अधिक होतात, असे स्मिथ आणि हंट यांनीच दाखवले असल्याने माझ्या प्रयोगात त्या तुलनेने कमी येतील, अशी नोंद आराखड्यातच केली.

सहभागींची संख्या ठरवताना ‘तीस-तीस पुरेत’ असे सांगणारे बरेच भेटतील. दोन स्वतंत्र गटांत मध्यम आकाराचा फरक ८० टक्के खात्रीने पकडायचा असेल तर प्रत्येक गटात ६४ जण लागतात. हे गणित मोफत सॉफ्टवेअरवर पाच मिनिटांत होते. १२८ हा आकडा पाहून धास्ती बसली, पण संगणक कक्षात एका वेळी आठ-दहा जण बसवता येत असल्यामुळे तो आवाक्यात आला. सांख्यिकीसाठीही ॲम्स्टरडॅम विद्यापीठाचे ‘जास्प’ हे मोफत सॉफ्टवेअर पुरले.

प्रयोग जानेवारी २०२४ मध्ये सुरू केला. स्नेहसंमेलन आणि अंतर्गत परीक्षा यांच्या मधला काळ सोयीचा, हे महाविद्यालयातल्या सरांनी सांगितले होते आणि ते खरे ठरले. शनिवारी आमची शाळा सकाळची असल्यामुळे दुपार मोकळी मिळे. उरलेले किरकोळ रजांमध्ये भागवले. कोण कोणत्या गटात जाणार हे बंद लिफाफ्यांवरून ठरले: लिफाफे आधीच पिसून ठेवलेले, येणाऱ्याने वरचा उचलायचा. एका गटाने प्रत्येक शब्दाला १ ते ५ मध्ये गुण द्यायचे, किती सुखद वाटतो त्याप्रमाणे. दुसऱ्याने वेलांटी आहे की नाही ते कळ दाबून सांगायचे. यादी संपली की अर्धा मिनिट वजाबाक्या, मग आठवतील ते शब्द कागदावर लिहायचे. आठही याद्या झाल्यावर ओळखण्याची चाचणी. त्यात ‘आहे’ म्हटलेल्या प्रत्येक शब्दापुढे ‘पडद्यावर आलेला आठवतो’ किंवा ‘ओळखीचा वाटतो’ यांपैकी एकावर खूण करायची. हा भेद एंडेल टुल्व्हिंग यांनी १९८५ मध्ये सुचवलेला आहे आणि तो समजावून सांगायला वाटतो त्याहून जास्त वेळ लागतो. सूचना वाचून दाखवल्यावर समोरच्याला स्वतःच्या शब्दांत सांगायला लावावे.

व्यवहाराच्या काही गोष्टी. कक्षातले संगणक बॅटरीवर चालत नव्हते आणि वीज गेली की त्या वेळचे काम गेले, म्हणून लॅपटॉप उसने आणले. पंख्याचा आवाज चालतो. बाहेर कबड्डीचा सराव असेल तर चालत नाही. संमतीपत्रावर सही घेतल्यावर त्याची प्रत सहभागी व्यक्तीला द्यायची असते, तेव्हा झेरॉक्स दुपटीने करून ठेवावेत. चहा-बिस्किटांवर जवळपास ₹२,५०० गेले आणि त्याबद्दल माझी तक्रार नाही. समितीने मोबदला किंवा अंतर्गत गुण देण्यास मनाई केली होती, चहाला नव्हती.

एक प्रसंग सांगते. बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाची एक मुलगी, सुखद-असुखद गटातली. तिने ‘पाऊस’ या शब्दापुढे ‘आठवतो’ अशी खूण केली होती. सगळे संपल्यावर मी नियमाप्रमाणे प्रयोगाचा उलगडा केला: असे काही शब्द होते जे आम्ही दाखवलेच नाहीत. तिने हात वर केला. “मॅडम, बाकीचे असतील, पण पाऊस होता. छत्री झाल्यावर लगेच आला. मी त्याला पाच दिले होते.” मी लॅपटॉपवर यादी उघडून दाखवली. तिने बोट ठेवून बाराही शब्द वाचले, मग पुन्हा वाचले. “मग मी पाच कशाला दिले?” तिच्या नोंदी आम्ही दोघींनी पाहिल्या. छत्रीला तिने तीन दिले होते. पाच ‘सर’ला होते. न दाखवलेल्या शब्दाला जागा मिळाली होती, शेजार मिळाला होता आणि गुणही मिळाले होते. रोडिगर आणि मॅकडरमॉट यांच्या लेखातही लोकांनी कळीच्या शब्दांना नुसते ‘ओळखीचे’ न म्हणता ‘आठवतात’ म्हटले होते. ते मी कितीदा तरी वाचले होते. पण समोर बसलेली मुलगी पडद्याकडे बोट दाखवून वाद घालते, तेव्हा त्या वाक्याचे वजन वेगळे कळते. अशा वेळी समोरच्याला ‘माझी स्मरणशक्ती वाईट आहे’ असे वाटू न देणे ही आपली जबाबदारी असते. उलगड्याच्या कागदावर समितीने तसे एक वाक्यच घालायला लावले होते आणि मी ते प्रत्येकाला वाचून दाखवले.

उलगडा केला की बाहेर जाऊन मुले मित्रांना सांगणार, ही धास्ती होतीच. एका वर्गातले सगळे शक्यतो सलग बोलवायचे आणि गुपित काही दिवस राखण्याची विनंती करायची, एवढेच हातात असते. शेवटी ‘ही यादी आधीच कळली होती का?’ असा प्रश्न ठेवला. ‘हो’ म्हणणाऱ्यांचे कागद वेगळे काढले आणि त्यांच्या जागी नवे सहभागी घेतले. फेब्रुवारीच्या तिसऱ्या आठवड्यात संख्या पूर्ण झाली.

कागद तपासण्याचे नियम पाकिटे उघडण्याआधी लिहून मॅडमकडे सही करून ठेवले होते. ‘झोप’ऐवजी कोणी ‘झोपणे’ लिहिले तर ते धरायचे. ‘निद्रा’ लिहिले तर तो वेगळा शब्द म्हणून नोंदवायचा. ऱ्हस्व-दीर्घाच्या चुकांकडे पाहायचे नाही. मराठीच्या शिक्षिकेला हा शेवटचा नियम पाळणे किती जड जाते ते सांगून समजणार नाही. कोणता कागद कोणत्या गटाचा हे न सांगता एका सहकारी बाईंकडून निम्मे कागद पुन्हा तपासून घेतले.

निष्कर्षांचे आकडे इथे देत नाही; एका महाविद्यालयातल्या मुलांवरचे ते आकडे संदर्भ सोडून फिरू नयेत असे वाटते. दिशा सांगते. सुखद-असुखद ठरवणाऱ्यांना दाखवलेले शब्द बरेच जास्त आठवले, आणि न दाखवलेले कळीचे शब्दही वेलांटी पाहणाऱ्यांपेक्षा त्यांनीच जास्त लिहिले. म्हणजे टोग्लिया आणि थापर यांच्या बाजूने. मात्र दुसऱ्या गटाचे कागद ‘अधिक अचूक’ म्हणावेत तर त्यांवर शब्दच थोडे होते. खोट्या आठवणी कमी असणे हे नेहमीच चांगल्या अभ्यासाचे लक्षण नसते, हा मुद्दा मी चर्चेच्या प्रकरणात सविस्तर मांडला. याद्यायाद्यांत फरकही पुष्कळ होता. ‘झोप’ आणि ‘पाऊस’ यांनी आपले काम चोख केले. ‘लग्न’ जवळपास निष्प्रभ ठरले. मुंडावळ्या आणि अक्षता यांवरून लोक लग्नाकडे परततात, पण यादी सुरू होताच काय चालले आहे ते मुलांनी ओळखले. “लग्न मुद्दाम गाळलंय ना?” असे एकाने कागदावर लिहूनही दिले.

लेखनाला मार्च आणि एप्रिल लागले. छपाईच्या दुकानात फाइल कधीही वर्डमध्ये देऊ नये. युनिकोडमधला मजकूर त्यांच्या फाँटमध्ये नेताना रफार आणि जोडाक्षरे विस्कटतात. पीडीएफ द्यावी आणि एक पान छापून पाहावे. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या नियमांनुसार इतरांच्या लेखनाशी १० टक्क्यांपर्यंतच्या साम्याला दंड नाही. तपासणीचा अहवाल ग्रंथालयातून मिळतो आणि एप्रिलच्या अखेरीस तिथे रांग असते. मी अर्ज ८ एप्रिलला दिला, अहवाल २२ तारखेला आला. काळ्या कव्हरवर सोनेरी अक्षरे असलेल्या चार प्रतींच्या छपाई-बांधणीला ₹३,२०० पडले. प्रबंध ३० एप्रिलला दाखल केला आणि लगेच निवडणुकीच्या कामाला हजर झाले, कारण साताऱ्यात लोकसभेचे मतदान ७ मे रोजी होते. अशा वर्षी तोंडी परीक्षेची तारीख मे महिन्यात मागू नये. आमच्या विभागातले निम्मे प्राध्यापकही त्याच कामावर होते.

तोंडी परीक्षा १४ जूनला झाली. बहिःस्थ परीक्षक सरांनी सांख्यिकीवर एकच प्रश्न विचारला आणि याद्यांवर अर्धा तास घेतला. मग त्यांनी विचारले, “बाई, तुम्ही शिक्षिका आहात. मुलांनी शब्द कसे पाठ करावेत, ते सांगा आता.” मी म्हटले की माझा प्रयोग सुट्या शब्दांचा आहे, पाठांचा नाही, तेव्हा बेताने बोलते. विषयाला धरून असलेला पण पाठात नसलेला शब्द मूल लिहिते, तेव्हा विषय त्याच्यापर्यंत पोचलेला असतो. ती लाल रेघ मी आता जरा थांबून ओढते. नेमके तेच शब्द हवे असतील तर प्रत्येक शब्दाला त्याची स्वतःची खूण मिळाली पाहिजे. शब्दांसोबत चित्रे दाखवल्यावर चुकीची ओळख कमी होते, हे इस्रायल आणि शॅक्टर यांनी १९९७ मध्ये दाखवले आहे; स्वतः मोठ्याने म्हटल्यानेही ती कमी होते, हे डॉडसन आणि शॅक्टर यांनी २००१ मध्ये. सर म्हणाले, “म्हणजे आमच्या वेळचे मोठ्याने पाठांतर अगदीच वाया नव्हते.” मी त्यावर वाद घातला नाही.

त्यांनी एक दुरुस्ती सांगितली: प्रत्येक शब्दावरून किती टक्के लोक कळीच्या शब्दाकडे परतले, त्याचा तक्ता परिशिष्टात हवा. तो जोडून नव्या प्रती २५ जूनला दिल्या. संमतीपत्रे समितीच्या अटीप्रमाणे तीन वर्षे कुलपात ठेवायची आहेत. शब्दयाद्या आणि तो तक्ता मात्र विभागाच्या ग्रंथालयात प्रबंधाच्या परिशिष्टात आहेत आणि ज्याला हव्या असतील त्याने त्या वापराव्यात. ‘लग्न’ तेवढी वगळावी, आणि ‘पाऊस’ची पुस्तिका एकदा उन्हाळ्यात पुन्हा भरून घ्यावी.